ठेव कुठे ठेवायची, हे आम्ही कशाच्या आधारावर ठरवायचं? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स. न. वि. वि.

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेनं न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना खात्यातून एक रुपयाही काढता येणार नाही असं जाहीर केलं. तेव्हापासून आमच्याकडे एकच प्रश्न फिरतोय: आहेत ते पैसे ठेवायचे कुठे? मी डोंबिवलीत राहते. निवृत्त शिक्षिका आहे. शाळेत गणित शिकवत होते, म्हणून शेजारपाजारची मंडळी पासबुकं आणि ठेवपावत्या घेऊन माझ्याकडे येतात. ज्यांचा त्या बँकेशी काही संबंध नव्हता तेही येतात, कारण आपल्या बँकेची पाळी उद्या येणार नाही, हे त्यांना कुणीच सांगू शकत नाही. मलाही सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.

मी त्यांना काय सांगते ते आधी लिहिते. म्हातारपणाची पुंजी कुठे ठेवायची एवढं ठरवायला साध्या माणसाला काय काय माहीत असावं लागतं, ते त्यावरून आपल्या लक्षात येईल.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो विमा समजावण्यात. ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाख रुपयांचं संरक्षण देतं. मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख, आणि बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एकच मर्यादा. डोंबिवलीच्या शाखेत पाच आणि ठाण्याच्या शाखेत पाच, म्हणजे दहा लाख सुरक्षित, असं समजणारी चांगली शिकलेली माणसं मला भेटली आहेत. पुरत्या पाच लाखांची पावती केली तर तिचं व्याज विम्याबाहेर राहतं, म्हणून मी म्हणते, एका बँकेत साडेचार लाखांच्या पुढे जाऊ नका. त्याच बँकेचं कर्ज अंगावर असेल तर बँक ते ठेवीतून आधी वळतं करून घेऊ शकते आणि विमा उरलेल्या रकमेपुरताच मिळतो. संयुक्त ठेवीत नावांच्या क्रमालाही अर्थ आहे: आधी नवऱ्याचं नाव असलेली एक ठेव आणि आधी बायकोचं नाव असलेली दुसरी, या दोन्हींना वेगवेगळा विमा लागू होतो. हे सगळं महामंडळाच्या नियमांत आहे, पण पावती करताना काउंटरवरून यातलं अक्षरही कुणी सांगितल्याचं मला एकाही ठेवीदाराकडून ऐकायला मिळालेलं नाही.

आता हिशेब बघा. दोघं नवरा-बायको नोकरीतून निवृत्त झाले, फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून चाळीस लाख हाती आले. ते सगळे विम्याच्या छत्राखाली आणायचे तर दोघांच्या एकेकट्या नावांनी आणि संयुक्त ठेवींत नावं फिरवूनही तीन बँकांचे उंबरे झिजवायचे. प्रत्येक ठिकाणी केवायसी, प्रत्येक ठिकाणी व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म, प्रत्येक ठिकाणी नॉमिनेशन. सत्तरीच्या माणसाला हे झेपत नाही. म्हणून साठी ओलांडलेल्यांना मी सांगते की जगण्याचा मुख्य पैसा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. पोस्टात किंवा सरकारी बँकेत ती उघडता येते, २०२३ च्या अर्थसंकल्पात तिची मर्यादा पंधरावरून तीस लाखांवर नेली गेली, ८.२ टक्के व्याज दर तिमाहीला मिळतं आणि मागे सरकार उभं आहे. पाच वर्षांच्या आत मोडली तर कापून घेतात, हेही सांगते. आणि पेन्शन एका बँकेत येत असेल तर चार-सहा महिन्यांचा घरखर्च दुसऱ्या बँकेत ठेवा. निर्बंध रात्रीतून येतात. विमा असला तरी दुसऱ्या दिवशीचं औषध त्यातून येत नाही.

पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्यांचं जास्तीचं व्याज विचारायला येणारेही असतात. त्यांना मी एवढंच सांगते की तिथे ठेव विमा नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये लाखो ठेवीदारांचे पैसे अडकले तेव्हा त्यांच्यापाशी पोलिसात तक्रार करण्यापलीकडे काही उरलं नाही. तरीही लोक जातात. एका बँकेत हात पोळला की माणूस दुसऱ्या बँकेत जाईलच असं नाही. तो सोनं घेतो, ओळखीच्या एजंटाकडे जातो, आठवड्याला टक्के देणाऱ्याच्या दारात उभा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये दादरला, दर आठवड्याला परतावा कबूल करणाऱ्या टोरेस या दागिन्यांच्या दुकानासमोर जमलेले लोक बघताना मला हेच वाटत होतं. बँकांवरचा विश्वास जितका आटतो, तितकं अशा दुकानांचं फावतं.

गव्हर्नर महोदय, हा सगळा सल्ला बँक बुडाली तर काय करायचं याचा आहे. चांगली बँक कोणती, या मूळ प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. ते शोधायचा मी प्रामाणिक प्रयत्न केलेला आहे. आपल्याकडून आम्हाला सांगितलं जातं की ठेवीदारानं जागरूक असावं, बँकेचा ताळेबंद वाचावा. वाचला. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचा मार्च २०१९ चा अहवाल ज्यानं वाचला असेल त्याला काय दिसलं असेल? ठेवी साडेअकरा हजार कोटींच्या वर. नफा जवळपास शंभर कोटी. थकीत कर्ज ३.७६ टक्के, म्हणजे कित्येक सरकारी बँकांपेक्षा कमी. गणिताची बाई म्हणून मला विचारलं असतं तर मी त्या आकड्यांवर भरवसा ठेवून होकार दिला असता. सहा महिन्यांत, २३ सप्टेंबर २०१९ ला, निर्बंध आले. सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त एक हजार रुपये. मग कळलं की एकूण कर्जांपैकी सुमारे ७३ टक्के एकाच बांधकाम समूहाला, एचडीआयएलला, दिलेली होती आणि ती लपवण्यासाठी २१ हजारांवर बनावट कर्जखाती उघडली होती.

हे कुठल्या जागरूक ठेवीदाराला दिसणार होतं? ती पुस्तकं तपासायचा अधिकार देशात फार थोड्यांना आहे आणि त्यातले सगळ्यात मोठे आपण आहात. बँकेनं स्वतःबद्दल जे सांगितलं ते आम्ही वाचू शकतो. आपल्या तपासनीसांनी बँकेबद्दल काय लिहिलं ते आम्हाला वाचता येत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जयंतीलाल मिस्त्री प्रकरणात स्पष्ट सांगितलं होतं की रिझर्व्ह बँकेचं कर्तव्य जनतेशी आहे, बँकांचं हित जपायला ती बांधलेली नाही आणि तपासणीची माहिती माहिती अधिकारात द्यावी लागेल. इतकी वर्षं उलटून गेल्यावरही एखाद्या गृहिणीला आपल्या बँकेबद्दल ही माहिती सहज मिळते असं कुणी म्हणू शकेल का?

आपली अडचण मला समजते. एखादी बँक अशक्त आहे असं आपण नुसतं पुटपुटलात तरी दुसऱ्या दिवशी शाखेसमोर रांग लागेल आणि कदाचित सावरू शकली असती ती बँकही कोसळेल. हा युक्तिवाद खोटा नाही. पण लोक रांग का लावतात, त्याचा विचार व्हायला हवा. पाच लाखांचा विमा असलेला माणूससुद्धा पहाटे जाऊन उभा राहतो, कारण पैसा बुडेल यापेक्षा तो किती वर्षं अडकेल याची त्याला धास्ती असते. आणि ती धास्ती अनुभवातून आली आहे.

पुण्याच्या रुपी बँकेचं उदाहरण घ्या. १९१२ साली स्थापन झालेली बँक. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले, सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मध्ये साडेनऊ वर्षं. पुण्यातल्या किती ज्येष्ठांनी त्या काळात औषधोपचारांसाठी अर्ज लिहिले असतील, किती जण वाट बघता बघता गेले असतील. मुंबईची सीकेपी बँक २०१४ पासून २०२० पर्यंत लटकली. गोव्यात म्हापसा अर्बन आणि मडगाव अर्बन बंद झाल्या. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतचे पैसे मोकळे व्हायला जानेवारी २०२२ उजाडला, युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाल्यावर. ज्यांच्या ठेवी मोठ्या होत्या त्यांची उरलेली रक्कम हप्त्याहप्त्यानं, दहा वर्षांपर्यंत. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांचा वायदा.

आणि येस बँक? ५ मार्च २०२० ला निर्बंध, पन्नास हजारांची मर्यादा. १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस. स्टेट बँक आणि इतर बँकांनी भांडवल घातलं, बँक उभी राहिली. येस बँक वाचली याचा मला आनंदच आहे. माझं म्हणणं एवढंच की ठरवलं तर आपल्याला तेरा दिवसांत मार्ग काढता येतो, हे तेव्हा साऱ्या देशानं बघितलं. न्यू इंडियाच्या वेळीही साधारण सहा महिन्यांत, ४ ऑगस्ट २०२५ ला, सारस्वत बँकेत विलीनीकरण झालं आणि ठेवी वाचल्या. हे नक्कीच चांगलं झालं आणि त्याबद्दल आपल्या अधिकाऱ्यांचे आभार मानायला हवेत. पण रुपीच्या ठेवीदारानं ही दोन्ही उदाहरणं बघून काय समजायचं?

२०२१ मध्ये कायदा बदलला आणि निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे असं ठरलं. पूर्वीच्या मानानं ही मोठीच सुधारणा. माझ्या ओळखीच्या एका बाईंना ते पैसे मिळाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले, स्वतःचेच पैसे परत मिळाले म्हणून. पण नव्वद दिवसही फार होतात. निवृत्त माणसाचं घर व्याजावर चालतं, तीन महिने ते बंद ठेवता येत नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँक शुक्रवारी बंद झाली आणि सोमवारी सकाळी ठेवीदारांना पैसे काढता आले. आपल्याकडे बहुतेक खाती आधार किंवा पॅनशी जोडलेली असताना, भाजीवाला क्यूआर कोडवर दहा रुपये घेत असताना, विम्याची रक्कम ठेवीदाराच्या दुसऱ्या बँकेतल्या खात्यात आठ दिवसांत का जाऊ नये? संमतीपत्र भरा, दुसऱ्या खात्याचा पुरावा द्या, हे सगळं बँक बुडाल्यावर रांगेत उभं करून कशाला? पावती करतानाच पर्यायी खात्याचा नंबर घेऊन ठेवता येईल.

पैशांची चणचण आहे म्हणावं तर तसंही नाही. विमा महामंडळाच्या निधीत मार्च २०२५ अखेर दोन लाख कोटींहून अधिक रक्कम होती. हा निधी बँकांनी भरलेल्या हप्त्यांतून साठतो, २०२५ मध्ये तो सरसकट दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला बारा पैसे होता. हप्ता सगळ्या ठेवीवर घेतला जातो, संरक्षण मात्र पाच लाखांनाच. त्या दरानं वीस लाखांच्या ठेवीवर वर्षाला २,४०० रुपये हप्ता जातो आणि पंधरा लाख उघडेच राहतात. मर्यादा १९९३ मध्ये एक लाख झाली ती २०२० पर्यंत तशीच होती, सत्तावीस वर्षं. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेचा आकांत झाला तेव्हा ती पाच लाख झाली. पुढच्या वाढीसाठी आणखी एका आकांताची वाट बघायची का? दर तीन-चार वर्षांनी महागाईच्या प्रमाणात ती आपोआप वाढावी. देशातली सुमारे ९८ टक्के खाती पूर्ण संरक्षित आहेत असं आम्हाला सांगितलं जातं. ते खरं आहे. पण रकमेच्या हिशेबानं निम्म्याहून अधिक ठेवी संरक्षणाबाहेर आहेत, आणि त्यात बड्या कंपन्यांच्या बरोबरीनं एकाच बँकेवर आयुष्यभर विश्वास टाकलेले म्हातारे आहेत आणि शेकडो सभासदांचा दुरुस्ती निधी एका नावावर ठेवणाऱ्या गृहनिर्माण संस्थाही आहेत. ऐंशी सदनिकांच्या संस्थेलाही विमा पाच लाखच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आपण जाहीर केलं की विम्याचा हप्ता यापुढे जोखमीनुसार ठरेल, भक्कम बँकेला कमी आणि कमकुवत बँकेला जास्त. मला हा निर्णय मनापासून पटला. पण याचा अर्थ असा की प्रत्येक बँक किती जोखमीची, याचं मोजमाप आता रीतसर होणार. ते मोजमाप महामंडळाकडे असणार, बँकेकडे असणार. ज्याचा पैसा पणाला लागलेला आहे त्याच्याकडे का नसावं? गाडीचा विमा उतरवताना हप्ता का वाढला ते आम्हाला कळतं, मग ठेवीचा का कळू नये?

माझी विनंती या दोन गोष्टी एकत्र करण्याची आहे. विमा आठ दिवसांत द्या आणि बँकेची प्रकृती आधी सांगा. पहिली केलीत तर दुसरीची भीती राहणार नाही. ज्याला खात्री आहे की काहीही झालं तरी पुढच्या आठवड्यात आपले पाच लाख हाती येतील, तो बातमी ऐकून पहाटे धावत सुटणार नाही. ज्याच्याकडे त्याहून जास्त आहे तो सावकाश, पावतीची मुदत भरेल तशी रक्कम विभागेल. बँकेलाही सुधारायला वेळ मिळेल. आज नेमकं उलट होतं: शेवटच्या दिवसापर्यंत सगळं आलबेल आणि मग एका संध्याकाळी सगळं बंद.

प्रकृती सांगा म्हणजे दोनशे पानी अहवाल संकेतस्थळावर टाका, असं मी म्हणत नाही. प्रत्येक शाखेत काउंटरशेजारी, मराठीत, मोठ्या अक्षरांत चार ओळी असाव्यात. ही बँक विम्याच्या कोणत्या गटात आहे. दिलेल्या कर्जांच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल किती आहे आणि किती असायला हवं. सगळ्यात मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती हिस्सा आहे. बँकेवर सुधारणेसाठी कारवाई चालू आहे का, असल्यास कधीपासून. कर्जदारांची नावं नकोत, नुसतं प्रमाण पुरे. पंजाब अँड महाराष्ट्र बँकेच्या फलकावर आपल्या तपासनीसांनी पडताळलेला तो तिसरा आकडा असता तर काय झालं असतं, याचा विचार करावा. आणि पडताळणी हा शब्द महत्त्वाचा. बँकेनं स्वतः भरलेला आकडा आम्हाला पुन्हा नको आहे. चुकीचा आकडा पास झाला तर कोणत्या तपासणीत तो निसटला हेही जनतेला कळलं पाहिजे. एवढ्या बँका बुडाल्या, संचालक आणि अधिकारी तुरुंगात गेले, पण वर्षानुवर्षं तपासणी होऊन हे दिसलं कसं नाही, याचं उत्तर ठेवीदाराला अजून मिळालेलं नाही. तो प्रश्न आम्ही सोडलेला नाही.

एक शंका आपल्या मनात येईल: ही बाई सहकारी बँकांच्या मुळावर उठली आहे का? अजिबात नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी काढली तेव्हापासून मराठी माणसाचा या चळवळीत जीव आहे. आजही देशातल्या सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. माझ्या शाळेतल्या शिपायाला मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मोठ्या बँकेनं दिलं नाही, कोपऱ्यावरच्या सहकारी बँकेनं दिलं. तिथला अधिकारी त्याला नावानं ओळखत होता. पोळी-भाजी केंद्रं, रिक्षा, छोटे गाळे या बँकांवर उभे राहिलेत. आज घाबरून प्रत्येक जण आपली ठेव तीन-चार बड्या बँकांत नेतोय. त्यांची निवड त्यांच्यापुरती चुकीची नाही, मीच त्यांना तसा सल्ला देते. पण याच गतीनं गेलं तर ज्या सहकारी बँका नेकीनं चालल्या आहेत त्याही सुकतील, आणि त्या शिपायाला दुसऱ्यांदा कर्ज मागायला जागा उरणार नाही. चांगल्या सहकारी बँकेला स्वतःचं चांगलेपण सिद्ध करायचं साधन आज नाही. तिच्या शेजारची पोखरलेली बँकही तसाच चकचकीत अहवाल छापते आणि अर्धा टक्का जास्त व्याज देते. आपला पडताळलेला फलक सगळ्यात आधी या नेक बँकांच्या कामी येईल.

पतसंस्था आपल्या अखत्यारीत येत नाहीत हे मला माहीत आहे. तरी राज्याच्या सहकार खात्याला आणि केंद्राच्या सहकार मंत्रालयाला आपण एवढं सुचवू शकता की प्रत्येक पतसंस्थेच्या आणि मल्टिस्टेट सोसायटीच्या दारावर, पावतीवर आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर एक वाक्य छापणं सक्तीचं करावं: "येथील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण नाही." आपल्या जाहिराती आम्ही टीव्हीवर बघतो, त्यांचा उपयोग होतो. पण निर्णय टीव्हीसमोर होत नाही, तो पावतीवर सही करताना होतो.

मार्चअखेर आणि एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडच्या पुष्कळ ठेवी नूतनीकरणाला येतात, कारण फंडाचे पैसे बहुतेकांनी त्याच सुमारास गुंतवलेले असतात. नव्वद दिवसांची मुदत कमी करायला आणि विम्याची मर्यादा वाढवायला सरकारची साथ लागेल, त्याला वेळ लागेल हे मी समजू शकते. शाखेतल्या फलकासाठी मात्र आपलं एक परिपत्रक पुरेसं आहे. ते पुढच्या मार्चच्या आत निघावं, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक ठेवीदार, डोंबिवली